अहो मायनर

पियानोच्या इतिहासात दोनच मोठ्या घटना घडल्या, असं माझं ठाम मत आहे. पहिली, पियानोचा शोध लागला. दुसरी, माझे साडू तो शिकायला बसले. पहिली घटना युरोपात कुठेतरी घडली म्हणतात. मी तिथे हजर नव्हतो, त्यामुळे तिच्याबद्दल छातीठोकपणे बोलत नाही. दुसरी मात्र आपल्या नागपुरात, सीताबर्डीच्या एका गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ऐन संत्र्यांच्या मोसमात माझ्या डोळ्यांदेखत घडली. आणि साडू म्हणजे काही लांबचा माणूस नव्हे. माझ्या बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान. म्हणजे इतिहासाशी माझं थेट नातं लागतं. ऑफिसात हे मी अजून ज्याला सांगितलं नाही, असा माणूस बदली होऊन आलेला तरी असतो किंवा रजेवर तरी असतो.

ज्याला मी पियानो म्हणतोय तो खरं तर कीबोर्ड; वायरवर चालणारा, काखेत मारून नेता येईल असा. पण साडूंसमोर तो शब्द काढायची सोय नाही. "कीबोर्ड कॉम्प्युटरले असते, साडभाऊ," ते म्हणतात. "हा पियानोच आहे. फक्त पाय नाही त्याले." साडूंची सगळी नोकरी उमरेडच्या कोळसा खाणीत, ब्लास्टिंगमध्ये गेली. उघड्या खाणीत डोंगराएवढा खडक एका बटनासरशी उडवायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत त्यांचं माप जरा वेगळं आहे. ते कुजबुजतात तेव्हा चौकातला रसवंतीवाला चरक थांबवून "काय म्हणता, काका?" असं विचारतो. एकदा त्यांनी माझ्या कानात एका नातेवाइकाच्या पोराची भानगड सांगितली. ती त्या पोराच्या होणाऱ्या सासऱ्यांनी कामठी रोडवर ऐकली, असं लोक सांगतात. डावा कान खाणीनं ठेवून घेतला, उजव्यावर संसार चालतो. बोटं अशी की एक बोट ठेवलं की दोन पट्ट्या दबतात आणि तिसरी घाबरून आपोआप खाली जाते. अशा माणसानं निवृत्तीनंतर नागपुरात, इंदोऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत घर केलं आणि एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "मी पियानो शिकून राहिलो." मी बशी खाली ठेवली. फुटली नाही, हे तिचं मोठेपण.

पहिल्या दिवशी सोबतीला मी गेलो होतो. क्लास चालवणारी टीचर म्हणजे चष्मा लावणारी, काडीसारखी पोरगी; साडूंनी जोरात श्वास सोडला असता तर खिडकीतून थेट व्हरायटी चौकात उतरली असती. पण शिकवण्यात पक्की. तिनं आधीच सांगितलं, "काका, रागबिग नंतर. आधी चार कॉर्ड शिका. तीन-तीन सूर एकदम दाबायचे, त्याला कॉर्ड म्हणतात. या चार एकामागून एक फिरवत राहिलं की निम्मी गाणी त्यांच्यावर बसतात." साडूंना हे फार आवडलं. सुट्या सुट्या सुरांवर त्यांचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. काही करायचं तर एकदम. सी मेजर त्यांनी अशी वाजवली की खाली कोणीतरी दोन चपला न घेताच निघून गेलं. टीचर खूश झाली, पुढे सरसावली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "छान! आता, ए मायनर!"

साडू ताठ झाले. आधी माझ्याकडे पाहिलं. मी चुगली केली का, असा भाव. मग स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, कुठे कोळसा राहिला का. टीचरला वाटलं, ऐकू आलं नाही. ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाली, "ए मायनर!"

"बाई," साडू अशा आवाजात म्हणाले की शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवलं, "तुमच्या बापाच्या वयाचा आहो मी. खाणीत मॅनेजरनं बी मले कधी 'ए' म्हटलं नाही. तुम्ही काहून म्हणता?"

"काका, मग काय म्हणू? हे ए मायनरच आहे नं!"

"आहे ना! मायनर आहो मी, खाणीतला माणूस. मान्य. लाज नाही मले त्याची. पन अहो म्हणा!"

समजूत पटवायला टीचरला फळ्यावर इंग्रजी अक्षरं काढावी लागली. ए नावाचा सूर असतो, त्याची एक उदास कॉर्ड असते, तिला मायनर म्हणतात, खाणीशी तिचा संबंध नाही, वगैरे. उलगडा झाल्यावर साडू हसले. त्या हसण्यानं छताचा पंखा उलटा फिरला, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण शब्द मागे घेतील तर ते साडू कसले! "असू द्या," ते म्हणाले, "तरी अहोच म्हणा. कॉर्ड झाली म्हणून काय झालं, तिले बी मान आहे." तेव्हापासून त्या क्लासात ती कॉर्ड 'अहो मायनर' झाली. पोरं तसंच म्हणतात, त्यांच्या आया घरी तसाच अभ्यास घेतात. एका मुलीनं तर संगीताच्या परीक्षेत तसंच लिहून दिलं म्हणे, आणि परीक्षकांनी मार्क कापले नाहीत. त्यांना वाटलं, नवीन निघाली असेल.

नावांशी दोस्ती झाली तशी साडूंची गाडी भरधाव निघाली. चौथी कॉर्ड जी. तिच्याबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून उत्तम. "सभ्य आहे. नावातच जी आहे तिच्या." तिसरी एफ मात्र त्यांच्या बोटांखाली येईना, तिला ते जावयासारखं सांभाळून घेत. पण खरा साक्षात्कार झाला तो सी मेजर आणि अहो मायनर यांच्या बाबतीत. टीचरनं दाखवलं, की या दोघांत दोन सूर सारखेच, एक बोट तेवढं सरकवायचं. साडू त्याच दुपारी माझ्याकडे आले, उन्हात, टोपी न घालता. "साडभाऊ, मेजर आणि मायनर, एका बोटाचा फरक आहे गा! साहेब आणि कामगार! सारी नोकरी गेली, हे मले कोणी सांगितलं नाही." आणि बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत बसले.

जन्माची सवय बोटांतून जात नाही. ब्लास्टिंगच्या आधी लाल झेंडी दाखवायची, माणसं बाजूला करायची, मगच बटन दाबायचं, हा खाणीचा नियम. साडूंनी तो पियानोला लावला. कॉर्ड बदलायची वेळ आली की डावा हात वर जायचा आणि आरोळी उठायची, "होशियाऽऽर!" मग कॉर्ड पडायची. इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतल्या लोकांना आधी दचकायला व्हायचं, नंतर सोय झाली. समोरच्या बाई त्या आरोळीवर वरणाला फोडणी द्यायला शिकल्या. कॉर्डचा आणि मोहरीचा आवाज एकदमच येई. मे महिन्यात एकदा त्यांनी एफ वाजवली आणि त्याच क्षणी पुऱ्या मोहल्ल्याची लाइन गेली. प्रत्येक घरात कूलर चालू होता, तेव्हा लाइन जाणारच होती, असं वायरमन म्हणाला. साडूंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो शिडी विसरून गेला.

एक गोष्ट मात्र शपथेवर सांगतो. टीचरनं त्यांना शिकवलं होतं, की 'जी'वर थांबायचं नाही; तिथून सीवर परत यायचंच, कानाला घरी आल्यासारखं वाटतं. एका दुपारी साडू 'जी'वर होते आणि नेमका दारावर भाजीवाला आला. साडू हात तसाच सोडून उठले. वांगी निवडली, भेंदऱ्याचा, म्हणजे टमाट्याचा, भाव केला, सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, फुकट मागितला, भाजीवाल्याच्या गावच्या पाऊसपाण्याची चौकशी केली. इकडे गल्ली अडकलेली! समोरच्या बाईंचा घास घशात, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची शिंक नाकात, माझा एक पाय चपलेत आणि दुसरा हवेत. कोणालाच पुढे काही सुचेना. शेवटी मास्तरांनीच गॅलरीतून हात जोडले, "अहो, घरी या हो कोणी तरी!" साडू आत गेले, "होशियार" झालं, सी पडली, आणि पुऱ्या गल्लीनं असा श्वास सोडला की वाळत घातलेले पापड उडाले.

मग साडूंना जग चार कॉर्डवर बसवायचा नाद लागला. भंगारवाल्याच्या भोंग्यावरचं "लोहा, प्लास्टिक, रद्दी" त्यांनी बसवलं. नवराबायकोचं भांडण बसवलं. बायको मेजरमध्ये, नवरा अहो मायनरमध्ये. महालात एका लग्नाला गेलो तर हे थेट स्टेजवर, बँडच्या कीबोर्डवाल्या पोराजवळ. "कोणत्या चार घेऊन राहिला गा?" तो पोरगा घामानं डबडबलेला, खाली नवरदेवाचे मित्र नाचून नाचून अर्धमेले. तो म्हणाला, "काका, तुम्ही जेवले का? आलूवांग्याची भाजी मस्त आहे, जा नं!" साडू खाली येऊन मला म्हणाले, "शिकलेला आहे पोट्टा. सांगत नाही."

एवढं सगळं हसण्यावारी नेताना आम्हाला कोणालाच हे विचारायचं सुचलं नव्हतं, की हा माणूस हे करतो कशासाठी. ते मला एका सकाळी कळलं. तर्री पोह्यांची प्लेट हातात, तर्री शर्टावर, आणि साडू जन्मात पहिल्यांदा खरोखर हळू बोलले.

"साडभाऊ, मले घरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊन राहिल्या."

"चांगलं आहे की, भाऊ. कान सुधारला."

"कान नाही सुधारला गा. थे आता गात नाही."

थे म्हणजे आमच्या ताई. माझी थोरली मेहुणी, साडूंची बायको. ताईंचा आवाज म्हणजे आमच्या विहाराची शान. वंदना संपली की लोक उठायचे नाहीत, ताई गातील म्हणून बसून राहायचे. घरातही अखंड गाणं. कणीक मळताना, कपडे पिळताना, साडूंशी भांडतानासुद्धा मधल्या जागेत एखादी ओळ. ब्लास्टिंगनं अर्धा बहिरा केलेल्या माणसाला घरातला एवढा एकच आवाज पुरेपूर ऐकू येत होता आणि कुकर, नळ, दाराची बेल सगळं त्याच्याखाली बुडालेलं होतं. मग गेल्या वर्षी ताईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज खाली गेला. विहिरीत बादली जाते तसा. विहारातल्या बायका गातात काळी चार पट्टीत, खूप उंच. ताई तिथे पोचेनात. बाकीच्यांनी खाली यायचं ठरवलं, तर त्यांना तेवढं खाली जमेना. कोणी काही वाकडं बोललं नाही. ताईच एक दिवस मागे जाऊन भिंतीला टेकून बसल्या आणि नुसत्या टाळ्या वाजवू लागल्या. "मी गायली तर लोक म्हणतीन, बायकांत हा माणूस कोन घुसला," असं म्हणून हसल्या. आम्हीही हसलो. घरातलं गाणं मात्र त्या दिवसापासून बंद.

"पेटीवाल्याले सांगून पाह्यलं," साडू म्हणाले. "थो म्हणते, ताईनं गायलं की मी वाजवतो. थे म्हणते, मी गातच नाही. मंग कसं? टीचर म्हणे, कॉर्ड म्हणजे गाण्याखालचा रोड. खाणीत रोड पक्का असला की वरून डंपर कसाही जाते. म्हटलं, आपण रोड टाकून ठेवू. जाईल थे कधी तरी." आणि पोह्यांत चमचा फिरवत राहिले. कीबोर्डला एक बटन असतं. ते दाबलं की बोटं तीच, पण सगळे सूर खाली उतरतात. साडू त्याला लिफ्ट म्हणतात. तो लिफ्टचा शोध लागला त्या दिवशी ते क्लासातून ऑटोत बसायचं विसरून घरापर्यंत चालत आले होते, ते काहून, हे मला तेव्हा उमगलं.

ताईंना हे सांगून पाहिलं तर त्या सरळ उडवून लावत. "वाजवा तुमचं तुम्ही. मले भाजी चिरू द्या." साडू स्वयंपाकघराच्या दारात पियानो मांडून चार कॉर्ड फिरवत, लिफ्ट एकेक मजला खाली नेत, आणि ओरडत, "हे घे! इथं पाय टेकते का?" ताई कुकरचं झाकण लावत. "खाली नेऊ अजून?" "अहो, पार पाताळात न्या," ताई म्हणत, "मी नाही गात." असं उन्हाळाभर चाललं. साडू हरत होते, हे आम्हाला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं, कारण हरण्याचा त्यांना सरावच नव्हता; खडक उडणारच, हे गृहीत धरून जगलेला माणूस.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहार गच्च भरला होता. वंदना झाली, महिला मंडळाची गाणी झाली, मागे खिरीची पातेली येऊन बसली. तेवढ्यात साडू पियानो काखेत घेऊन पुढे गेले. माइक होता, त्याला त्यांनी बाजूला सरकवलं, गरजच नव्हती. "जय भीम. एक गाणं आहे," एवढंच म्हणाले. कोणतं, कोण गाणार, काही नाही. टीचरलाही त्यांनी बोलावलं होतं. ती पहिल्या रांगेत ओढणीचं टोक चावत बसली होती. मी डोळे मिटले आणि "होशियार"ची वाट पाहू लागलो.

"होशियार" झालंच नाही. सी आली, अलगद. मग अहो मायनर. मग एफ, न अडखळता. टीचरनं ओढणी सोडली. मग जी, आणि पुन्हा घरी, सीवर. ठेका ओळखीचा होता. ताईंनीच कधीकाळी बांधलेलं, विहारात शेकडो वेळा गायलेलं गाणं. फक्त फार खाली, जमिनीलगत. पहिला फेरा संपला, कोणी गायलं नाही. दुसरा फेरा. लोक इकडेतिकडे पाहू लागले. तिसरा. मंडळाच्या बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. साडू मान खाली घालून वाजवत होते. चार कॉर्डचं हेच एक बरं असतं, संपत नाहीत. कोणाची वाट पाहायची असली तर कितीही वेळ फिरवत बसता येतं. पण खीर निवत होती, आणि मला माझ्या आयुष्यात प्रथमच वाटलं, की या माणसाची लोकांसमोर फजिती होणार, आणि ती मला बघवणार नाही.

माझ्या बायकोनं भिंतीकडे सरकून बहिणीच्या कानात म्हटलं, "ताई, गा वं. नाही तर भाऊजी पुढच्या पौर्णिमेपर्यंत वाजवतच राहतीन."

"येडा आहे हा माणूस," ताई पुटपुटल्या. डोळे पदरानं पुसले, घसा खाकरला, आणि बसल्या जागेवरूनच पहिली ओळ उचलली.

अर्धा विहार पुरुषांच्या बाजूला वळून पाहू लागला. मग माना हळूहळू परत फिरल्या. तो पूर्वीचा आवाज नव्हता, हे मी खोटं सांगणार नाही. पूर्वीचा आवाज वर जाऊन पताकांसारखा फडफडायचा. हा जाडसर, थोडा खरखरीत, पोटातून येणारा. फुटायची जागा आली की ताई क्षणभर थांबत आणि पुन्हा पाय टेकवत. दुसऱ्या कडव्याला महिला मंडळानं टाळ्या धरल्या. तिसऱ्याला खीर वाढायला उभी असलेली माणसं पळ्या हातात घेऊन तशीच खाली बसली. मी माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांना ढोसून म्हणालो, "माझी मेहुणी. आणि तो वाजवणारा साडू." त्यांनी सरकून मला जास्त जागा दिली. या गावात असा मान मला ना आधी मिळाला, ना नंतर.

पण टीचर मात्र अस्वस्थ होती. ती पहिल्या रांगेतून हातानं खुणा करत होती, बदला, काका, बदला! कारण ताईंनी तोंड उघडलं त्या क्षणी साडू सीवर होते आणि तिथेच राहिले होते. ना अहो मायनर, ना एफ, ना जी. थंडीपासून घोटलेल्या चारांपैकी एकच. ती विरत आली की तीच तीन बोटं पुन्हा हळूच दाबायचे, झोपलेल्या पोराला थोपटावं तसं. मान वळवून उजवा कान भिंतीकडे केलेला. सगळं गाणं त्या एका कॉर्डवर पार पडलं, आणि मला विचाराल तर कुठेही काही कमी पडलं नाही.

खीर खाताना टीचरनं शेवटी विचारलंच, "काका, इतकं छान चाललं होतं. पुढच्या कॉर्ड का नाही घेतल्या?"

साडूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तीच काल क्लासात आली आहे. "थे गाऊन राहिली होती ना, बाई," ते म्हणाले. "मी ऐकू का वाजवू?"

त्यानंतर साडू क्लासला गेले नाहीत. टीचर एकदा चौकशीला आली, जेवून गेली. ताई विहारात गातात. रोज नाही, आवाज लागेल त्या दिवशी. उजवा कानही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते साडूंनी मलाच सांगितलं, ताईंना सांगू नको म्हणाले. ताईंना ते केव्हाचं माहीत आहे, हे ताईंनी मला सांगितलं, आणि त्यांनीही वर तेच बजावलं. मी दोघांचंही ऐकतो. दुपारी कधी त्यांच्याकडे जातो तर दार उघडंच असतं. स्वयंपाकघरात ताई काही तरी निवडत, पाखडत गात असतात, पूर्वीपेक्षा जरा मोठ्यानं. साडू दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतात. मला पाहिलं की ते ओठांवर बोट ठेवतात. मग मी, ज्याला कोणी कधी गप्प करू शकलं नाही असा मी, चपला हातात घेऊन तिथेच पायरीवर बसतो आणि गाणं संपेपर्यंत चकार शब्द काढत नाही.